बाळंतपणानंतरचं ऑपरेशन: एका नकाशाचा इतिहास

मंडळी, आज आपण दोन आकड्यांपासून सुरुवात करू. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आंध्र प्रदेशातल्या 15 ते 49 वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी जवळजवळ 70 टक्के जणींचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं होतं. उत्तर प्रदेशात हाच आकडा 17 च्या आसपास. आपला महाराष्ट्र मधे, निम्म्याच्या जवळ.

याचं चटकन सुचणारं कारण म्हणजे शिक्षण. पण सगळं शिक्षणावरच असतं तर केरळ आंध्रच्या पुढं हवं होतं. तिथला आकडा निम्म्याहूनही कमी आहे. उत्तरेतली मुलग्याची ओढ हे कारण खरं आहे, पण पुरेसं नाही. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे 'बायकांनी निवड केली' असं वाक्य आलं की थांबायची सवय लागली आहे. निवड केली, पण कुठं, कोणत्या घटकेला?

इथं थोडं शरीरशास्त्र लागतं. बाळंतपणानंतर एकदोन दिवस गर्भाशय बेंबीच्या जवळपास असतं. बेंबीखाली छोटा छेद देऊन गर्भनलिका बांधता येतात. सात दिवस उलटले की मग निदान सहा आठवडे थांबावं लागतं. दुर्बिणीचं, ज्याला आपल्याकडे बिनटाक्याचं म्हणतात, ते ऑपरेशन त्यानंतरचं.

म्हणजे बाई दवाखान्यात बाळंत झाली, तर ऑपरेशन त्याच मुक्कामात होतं. घरी सुईणीच्या हातून झाली, तर पुढं कधीतरी कडेवर मूल घेऊन, घरच्यांची परवानगी काढून शिबिराला जावं लागतं. मोठ्या रुग्णालयांत प्रसूतीनंतर लगेच ऑपरेशन करण्याचा सरकारी कार्यक्रम 1969-70 च्या सुमारास सुरू झाला. दक्षिणेतली बाळंतपणं उत्तरेच्या बरीच आधी दवाखान्यात गेली. उत्तरेत खरा जोर आला तो 2005 च्या जननी सुरक्षा योजनेनंतर. आमच्या मते या नकाशाचा मोठा भाग खाटांनी काढला आहे.

आणि हे ऑपरेशन बाईचंच का? पूर्वी तसं नव्हतं. साठच्या दशकात मुंबईत रेल्वे स्टेशनांवर पुरुषांच्या नसबंदीची केंद्रं होती. (लोकल पकडायच्या आधी नसबंदी! मुंबईकरच ते.) 1971 च्या जुलैत एर्नाकुलमच्या शिबिरात महिन्याभरात सुमारे 63 हजार ऑपरेशनं झाली, बहुतेक पुरुषांची. मग आणीबाणी आली. 1976-77 मध्ये देशात 80 लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या, त्यांतल्या तीन चतुर्थांश पुरुषांच्या, आणि कितीतरी जबरदस्तीनं. 1977 च्या निवडणुकीत सरकार पडलं. त्यानंतर पुरुषाला हात लावायची कुणाची छाती झाली नाही. कार्यक्रम चालू राहिला, फक्त टेबलावर बाई आली. वर सांगितलेल्या पाहणीत देशभरात पुरुष नसबंदी अर्धा टक्कासुद्धा नाही.

शिबिरांची किंमत काय, ते 2014 च्या नोव्हेंबरात छत्तीसगडमधल्या बिलासपूरजवळ दिसलं. एका डॉक्टरनं काही तासांत 83 बायकांची ऑपरेशनं केली. 13 बायका दगावल्या. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तीन वर्षांत शिबिरं बंद करा असं सांगितलं.

तेव्हा दवाखान्यातलं ऑपरेशन बरं, यात शंका नाही. पण आंध्रचा आकडा पुन्हा पाहा. आधुनिक साधनं वापरणाऱ्या तिथल्या जवळपास सगळ्याच बायका ऑपरेशनवाल्या आहेत. गोळ्या, तांबी, निरोध नावापुरते. पंचविशीच्या आतबाहेर दोन मुलं, ऑपरेशन, विषय संपला. त्यांतल्या अनेकींना तेच हवं होतं आणि त्यांना फसवलेल्या म्हणणं हा त्यांचा अपमान होईल. मात्र जिच्यासमोर दुसरं काही ठेवलंच गेलं नाही, तिच्या होकाराला आपण काय म्हणायचं? नियमांत नवऱ्याच्या सहीची अट नाही. सही बाईचीच लागते, आणि ती वेणा सुरू असताना घेऊ नये. आता उत्तरेतही बाळंतपणं दवाखान्यात होऊ लागली आहेत. तेव्हा तिथं पाहायचं ते एवढंच, की तो कागद तिच्यापुढं सातव्या महिन्यात येतो की प्रसूतीच्या खोलीत.