बंब कोरडा का पेटवू नये?

बंबात पाणी आहे ना हे पाहिल्याशिवाय तो पेटवायचा नाही, अशी ताकीद पूर्वी घरोघरी असे. घाटंजीच्या परिसरात पऱ्हाट्या-तुराट्यांवर तापवलेल्या पाण्याने ज्यांनी आंघोळी केल्या, त्यांना ती आठवत असेल. कोरडा बंब पेटला की त्याची रवानगी तांबटाकडे!

बंबाची रचना साधी आहे. तांब्याच्या उभ्या पिंपाच्या मधोमध एक नळी. नळीत जळण, खाली राखेसाठी जाळी आणि नळीभोवती पाणी. रशियातील समोवारही याच तत्त्वावर चालतो. विस्तव मध्यभागी असल्याने उष्णता फारशी वाया जात नाही. पुण्याच्या तांबट आळीत तांबे ठोकून वस्तू घडवण्याची परंपरा पेशवाईपासूनची आहे.

तांबे १०८५ अंश सेल्सिअसला वितळते. पऱ्हाट्यांच्या जाळाने त्याला सहसा धोका नाही. पण गळती थांबवायला तांबट कथिल-शिशाची झाळ देत आणि हे मिश्रण योग्य प्रमाणात असले तर १८३ अंशांनाच वितळते. (शिशाला लॅटिनमध्ये ‘प्लंबम’ म्हणतात, ‘प्लंबर’ हा शब्द त्यावरूनच आला.) मग रोजच्या जाळात झाळ टिकते कशी? पाणी उष्णता सतत ओढून घेते, म्हणून त्याला लागलेला धातू शंभर अंशांच्या फारसा वर जात नाही. कागदी द्रोणात पाणी घालून ते ज्योतीवर तापवण्याचा प्रयोग वर्गात जरूर करावा. कागद जळत नाही त्याचे कारण हेच.

पुढे साधने बदलली. लंडनमध्ये बेंजामिन मॉन याने १८६८ मध्ये गॅसवर पाणी तापवणारे यंत्र काढले आणि आइसलंडमधील उष्ण कारंज्यांवरून त्याला ‘गिझर’ हे नाव दिले. १९०६ मध्ये अमेरिकेत अल्बर्ट मार्श याला निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूचे पेटंट मिळाले. विजेच्या रॉडमध्ये तापते ती याच जातीची तार. रॉडही पाण्याबाहेर चालू केला की बिघडतो. बंबाचाच नियम!

पाणी असूनही हा नियम मोडतो, तो कठीण पाण्यामुळे. यवतमाळ जिल्ह्याचा बराच भाग बेसॉल्टचा, तर पूर्वेला वणीकडे चुनखडक आहे. खडकांत मुरलेल्या पाण्यात कॅल्शियमचे बायकार्बोनेट विरघळलेले असते. पाणी तापले की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा थर धातूवर बसतो. त्यातून उष्णता जाते ती तांब्याच्या मानाने शेकडो पटींनी कमी. थराखालचा धातू मग पाण्यात बुडालेला असूनही जवळजवळ कोरडाच! पाणी उशिरा तापते, वीज जास्त लागते आणि शेवटी रॉड जळतो.

दुरुस्तीला फार काही लागत नाही. रॉडचा प्लग काढून तो थंड होऊ द्यावा आणि थर आलेला भागच लिंबाच्या सत्त्वाच्या पाण्यात बुडवावा. बुडबुडे येतात, तो अडकलेला कार्बन डायऑक्साइड. थर कोरड्या चाकूने खरवडू नये. नळीला चीर गेली तर पाण्यात वीज उतरेल. गिझर मात्र स्वतः उघडू नये. बंब वरून मोकळा, तर गिझर बंद टाकी; त्याची सुरक्षा-झडप याच क्षाराने अडकली तर वाफेला वाट राहत नाही.