हिवाळ्यातील मृत्यूंची वजाबाकी

आपल्याकडे ‘नर्सिंग होम’ म्हटले की एखाद्या डॉक्टरांचे छोटे खासगी रुग्णालय डोळ्यांसमोर येते. इंग्लंडमध्ये त्याचा अर्थ वेगळा आहे. ज्यांना स्वतःचे स्वतः करता येत नाही असे वृद्ध जेथे परिचारिकांच्या देखभालीखाली राहतात, ते नर्सिंग होम. अशा सर्व निवासांना मिळून तेथे ‘केअर होम’ म्हणतात. कडक थंडीत वृद्धांचे मृत्यू वाढतात. पण ते मोजायचे कसे?

इंग्लंडमध्ये १८३७ पासून मृत्यूंची सरकारी नोंद होऊ लागली. नोंदणी कार्यालयात विल्यम फार हे संख्याशास्त्रज्ञ होते. १८४७ च्या अखेरीस लंडनमध्ये इन्फ्ल्यूएंझाची साथ आली. फार यांनी केवळ त्या रोगाची नोंद असलेले मृत्यू मोजले नाहीत. एरवी होतात त्यापेक्षा एकूण किती मृत्यू जास्त झाले, हे त्यांनी पाहिले.

याच कल्पनेवरून पुढे हिवाळ्याचा हिशेब ठरला. डिसेंबर ते मार्च या काळातील मृत्यू घ्यायचे. आधीचे चार महिने आणि नंतरचे चार महिने यांची सरासरी त्यातून वजा करायची. या रीतीने २०१७-१८ च्या हिवाळ्यात इंग्लंड व वेल्समध्ये सुमारे ५० हजार जादा मृत्यू निघाले.

आता फळ्यावर एक काल्पनिक उदाहरण मांडू. हिवाळ्यात २०० मृत्यू, आधी ९०, नंतर ११०. सरासरी १००, म्हणून जादा मृत्यू १००. समजा, हिवाळा संपताच साथ आली आणि नंतरचा आकडा १९० झाला. सरासरी १४० होते आणि जादा मृत्यू उरतात फक्त ६०! माणसे जास्त दगावली, तरी हिवाळा सौम्य भासतो. २०२० च्या एप्रिलमध्ये कोविडमुळे नेमके असेच घडले. म्हणून २०१९-२० च्या हिशेबात सांख्यिकी कार्यालयाला कोविडचे मृत्यू बाजूला ठेवावे लागले.

दुसरी अडचण जागेची. केअर होममधील आजींना जानेवारीत न्यूमोनिया झाला, त्यांना रुग्णालयात हलवले आणि तेथे त्या वारल्या. मृत्यूच्या जागेप्रमाणे मोजले तर त्या रुग्णालयाच्या रकान्यात जातात. कोविडच्या काळात याचे मोल कळले. २९ एप्रिल २०२० पूर्वी इंग्लंडचा रोजचा सरकारी आकडा रुग्णालयांतील मृत्यूंचाच असे. पुढे सांख्यिकी कार्यालयाने, मृत्यू कोठेही झालेला असो, केअर होमचे रहिवासी मोजले. २ मार्च ते १२ जून २०२० या काळात त्यांचे ६६,११२ मृत्यू झाले. त्यांपैकी १९,३९४ कोविडशी निगडित होते आणि या १९,३९४ पैकी जवळजवळ एक चतुर्थांश रुग्णालयात झाले होते.

वर्गात असा एखादा आकडा आला की विद्यार्थ्यांना तीन प्रश्न विचारायला लावावेत. कोणाला मोजले? कोठे मोजले? आणि कशाशी तुलना केली? रकाना चुकला तर त्या घरांत मदत पोचायला उशीर होतो.