तिन्हीसांजेची निळाई

भर दुपारचे आकाश निळे का दिसते, याचे उत्तर शाळेतच मिळते. हवेचे रेणू प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी लहान असतात. असा कण प्रकाश विखुरतो तो तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात. हा नियम रॅले यांनी १८७१ मध्ये मांडला. त्यानुसार ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश ६५० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशाच्या चौपटीहून अधिक विखुरतो. जांभळा त्याहूनही जास्त विखुरतो, पण सूर्यप्रकाशात तो मुळात कमी आणि आपल्या डोळ्यालाही तो कमी जाणवतो.

हेच उत्तर सूर्यास्ताला लावून पाहावे, म्हणजे अडचण कळते. क्षितिजावरच्या सूर्याचा किरण आपल्यापर्यंत येताना माथ्यावरच्या सूर्याच्या किरणापेक्षा सुमारे ३८ पट हवा ओलांडतो. वाटेतच निळा प्रकाश गळून जातो, म्हणून बिंब तांबडे होते. आता मान वर करा. माथ्यावरच्या हवेला उजळणारा प्रकाशही असाच तिरपा, लांबची वाट काटून, निळा गमावून आलेला असतो. पिवळटलेला प्रकाश पुन्हा विखुरला तर आकाश फिकट, करडे-पिवळसर दिसायला हवे. प्रत्यक्षात दिवेलागणीला डोक्यावर असते ती गडद, शाईसारखी निळाई. नेहमीचे स्पष्टीकरण इथे नुसते अपुरे नाही, ते उलट्या दिशेला नेते.

हा पेच १९५३ मध्ये एडवर्ड हल्बर्ट यांनी सोडवला. किल्ली होती ओझोन. अतिनील किरण अडवणारा म्हणून तो सर्वांना ठाऊक आहे. पण पिवळा, नारिंगी आणि काहीसा लाल प्रकाशही तो थोडा शोषतो. या शोषणपट्ट्याला शाप्वी या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाचे नाव आहे. शोषण इतके क्षीण, की दुपारी ते जाणवतही नाही: वातावरणातला सगळा ओझोन जमिनीवरच्या दाबाखाली आणला तर थर जेमतेम ३ मिलिमीटर भरेल. संध्याकाळी मात्र किरण त्या थरातून आडवा जातो, वाट अनेक पटींनी लांबते आणि पिवळ्या-नारिंगीची छाटणी होते. हल्बर्ट यांच्या हिशेबाने सूर्यास्तावेळी माथ्यावरच्या निळाईत रेणूंच्या विखुरण्याचा वाटा एक तृतीयांश, ओझोनचा दोन तृतीयांश.

म्हणजे दुपारची निळाई विखुरण्यातून येते, तिन्हीसांजेची मुख्यतः शोषणातून. डोळ्याला रंग एकच, कारणे दोन.

याची साक्ष खग्रास चंद्रग्रहणातही मिळते. पृथ्वीची सावली तांबूस असते, पण तिच्या कडेला चंद्रावर निळसर झालर उमटते. तो प्रकाश आपल्या ओझोनच्या थरातून गाळून गेलेला असतो.