चिमण्यांनंतरचं आकाश

मुंबईत नवा उत्तुंग मनोरा उभा राहिला की तो शहराला शोभतो का, अशी चर्चा सुरू होते. ती करणारे बहुतेक लोक मनोरा सी लिंकवरून बघतात, नाहीतर उतरत्या विमानातून. आम्ही लालबाग-परळची माणसं तो खालून बघतो. वरळीला श्रीराम मिलच्या जागेवर पॅलेस रॉयल ३२० मीटरच्या आसपास चढला, लोअर परळला श्रीनिवास मिलच्या जागेवर वर्ल्ड वन २८० मीटरवर थांबला. दोन्ही ठिकाणी आधी काय होतं, ते आमच्या पिढीला पाठ आहे. म्हणून माझं मत आधीच सांगते: हे मनोरे इथे शोभत नाहीत. उंचीबद्दल माझी तक्रार नाही. या शहरात पूर्वीही उंच वास्तू होत्या, पण त्या खालच्या माणसाशी काहीतरी देणंघेणं ठेवून होत्या.

राजाबाई टॉवर घ्या. १८६९ साली पाया घातला, १८७८ साली काम पुरं झालं, उंची २८० फूट. प्रेमचंद रायचंद यांनी आईच्या नावाने पैसे दिले, आणि तो पैसा कापसाचा होता. अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस लँकेशायरला पोचेना, तेव्हा १८६१ ते १८६५ या काळात मुंबईच्या व्यापाऱ्यांनी हिंदुस्थानी कापूस सोन्याच्या भावाने विकला. युद्ध संपलं, भाव कोसळले, प्रेमचंदही त्यात बुडाले, पण टॉवर उभा राहिला. दृष्टी गेलेल्या राजाबाईंना सूर्यास्तापूर्वी जेवायची वेळ कळावी म्हणून घड्याळ बसवलं, अशी आख्यायिका सांगतात. ती खरी असो वा नसो, ठोके फोर्टात राबणाऱ्या प्रत्येकाला फुकट ऐकू येत. ज्याला घड्याळ परवडत नव्हतं त्यालाही वेळ कळत होती.

उत्तरेला तोवर वेगळीच उंची वाढत होती. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली कंपनी काढली आणि दोन वर्षांनी ताडदेवला त्यांची कापडगिरणी सुरू झाली. मग भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ, शिवडी, वरळी असं करत विटांच्या चिमण्या उगवत गेल्या. कोकणातून, घाटावरून आलेला पोरगा गावकऱ्यांच्या खोलीत वळकटी टाकायचा आणि रस्ते ओळखीचे होईपर्यंत चिमण्यांवरून वाट काढायचा. माझे वडील तसेच आले. ब्लोरूममध्ये लागले, म्हणजे गाठी फोडून कापूस पिंजायचं खातं. चाळीच्या गॅलरीत उभं राहून ते आम्हाला कुठली चिमणी कुठल्या मिलची ते दाखवायचे, आणि त्या मिलमध्ये आमच्या गावचं कोण आहे तेही सांगायचे. आमच्या घरात गिरणगावचा नकाशा होता तो एवढाच.

चिमणी दिसायची आणि भोंगा ऐकू यायचा. पहिल्या पाळीचा भोंगा झाला की चाळ हलायची: नळावर रांग, स्टोव्हचा आवाज, डब्यांची झाकणं. प्रत्येक मिलच्या भोंग्याचा सूर वेगळा. आई कणीक मळता मळता कान देऊन सांगायची, हा शेजारच्या मिलचा, आपला अजून व्हायचाय. भोंगा कामगाराला हुकूम सोडायचा, हे खरंच. पण त्याच भोंग्यावर मुलं शाळेला निघायची, बायका भाजीला उतरायच्या, खानावळीत भाताचं आधण चढायचं.

त्या आकाशाला सुंदर म्हणायची माझी तयारी नाही. वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी बसायची. धुराचा त्रास इतका होता की १९१२ सालीच मुंबईसाठी धूर-प्रतिबंधाचा कायदा करावा लागला. वडिलांच्या छातीत गेलेला कापूस शेवटपर्यंत बाहेर आला नाही. रात्री त्यांचा खोकला अख्ख्या मजल्याला ऐकू जायचा. आठवड्याची सुट्टीसुद्धा कुणी आपणहून दिली नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि रविवार पदरात पडायला १८९० उजाडलं.

पण एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. १९१५ साली टाटांची जलविद्युत खोपोलीहून मुंबईत आली आणि तिची पहिली मोठी गिऱ्हाइकं गिरण्याच होती. वाफेच्या इंजिनांची जागा हळूहळू मोटरींनी घेतली, बॉयलर बरेचसे खळ आणि रंगाईच्या कामापुरते उरले. धूर आटला तरी चिमण्या राहिल्या, कारण त्यांच्याखाली काम चालू होतं. मला या भागाच्या आकाशरेषेचा अर्थ तिथे सापडतो. वर काय दिसतं, ते खाली काय चाललंय त्यावर ठरत होतं.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. माणसं पांगली, गिरण्या एकेक करून गप्प झाल्या. आमच्याकडे आधी भोंगा थांबला. चिमण्या त्यानंतरही बरीच वर्षं उभ्या होत्या.

पुढचा इतिहास जमिनीच्या वाटणीचा आहे, आणि तो मला फार जवळचा वाटतो, कारण हे आकाश तिथेच ठरलं. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे ढोबळ तीन वाटे सांगितले: एक मोकळ्या जागेसाठी पालिकेला, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. १९९६ साली वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या समितीने या जमिनींचा एकत्र विचार करा, असं सुचवलं. सगळ्या मिळून सहाशे एकरांच्या घरात जमीन, तीही शहराच्या मधोमध. तसं झालं नाही. २००१ साली नियम बदलला आणि वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. गिरणीच्या आवारात मोकळी जमीन असते किती? शेडला शेड लागलेली असते. त्यामुळे मैदानं आणि घरं यांचे वाटे आक्रसले. या बदलावर उच्च न्यायालयाने २००५ साली शहराच्या बाजूने कौल दिला, पण २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. मग मनोरे भराभर चढले.

उंच घराला माझा विरोध असता तर मी पेडर रोडच्या कांचनजंगा इमारतीचं कौतुक केलं नसतं. तीही कोरियांचीच, १९८३ सालची, ८४ मीटर उंच. त्यांनी कोपऱ्यांत दोन मजली उंचीचे व्हरांडे कोरले, पश्चिमेचा वारा आत घेतला, ऊन-पाऊस बाहेर अडवला. मुंबईची हवा समजलेला माणूस उंच बांधतो तेव्हा तसं बांधतो. आणि वरळीच्या बीडीडी चाळीतली माझी मैत्रीण आता चाळीस मजली इमारतीत राहायला गेली आहे. १६० चौरस फुटांच्या खोलीत तिच्या घरच्या पिढ्या गेल्या, आता ५०० चौरस फुटांचं घर आहे. तिच्या लिफ्टवर मी कशाला रागवू? ज्यांनी शंभर वर्षं तो मातीचा तुकडा धरून ठेवला, तीच माणसं तिथे उंचावर राहायला गेली. तो मनोरा मला शोभतो.

श्रीराम आणि श्रीनिवासच्या कामगारांचं तसं झालं नाही. गिरणी कामगारांच्या घरांसाठी दीड लाखाच्या आसपास अर्ज आले आणि २०१२ च्या पहिल्या मोठ्या सोडतीत सात हजारांहून कमी घरं निघाली, प्रत्येकी २२५ चौरस फुटांची. बाकीच्यांना आता शेलू आणि वांगणीची घरं दाखवतात. तिथून परळला यायला लोकलमध्ये किती वेळ जातो, ते कर्जत लाइनच्या माणसाला विचारा.

वर्ल्ड वन मुळात ४४२ मीटरचा ठरला होता. विमानतळ प्राधिकरणाने तेवढी परवानगी दिली नाही, म्हणून तो २८० वर आला. मुंबईत उंचीला लगाम बसतो तो विमानांमुळे. लगाम बसू शकतो, हे त्यातून सिद्धच झालं. मग परवानगीच्या त्याच फायलीत आणखी एक कागद लावा. डिसेंबरात भर दुपारीसुद्धा ३२० मीटरच्या मनोऱ्याची सावली उत्तरेला तीनशे मीटरच्या जवळपास जाते. ती कुठल्या चाळीवर, कुठल्या शाळेच्या मैदानावर पडणार ते त्यावर लिहा. ज्या गिरणीच्या जागेवर मनोरा येतोय, तिच्या हजेरीपटावरच्या किती माणसांना त्याच जागी घर मिळालं, तेही लिहा. आणि परिसरातल्या मुलांना खेळायला किती मैदान सोडलं, ते आकड्यात. परवानगीवर सही होण्याआधी तो कागद मराठीत, गेटवर, वाचता येईल एवढ्या अक्षरांत लागला पाहिजे.