अवर्षणाचा नकाशा

बंगळुरातील सँकी तलावाच्या काठी रविवारी सायंकाळी आम्हां मराठी नोकरदारांची एक लहानशी बैठक जमते. कोणी हिशेबखात्यातील, कोणी टपालखात्यातील, कोणी संरक्षणखात्याच्या कारखान्यातील. बदलीच्या हुकमाने येथे आलेली आणि बदलीच्या हुकमाची वाट पाहणारी ही मंडळी. २०२३ च्या नोव्हेंबरात या बैठकीत एक चमत्कारिक वाद रंगला. महाराष्ट्र शासनाने ऑक्टोबरच्या अखेरीस चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला होता. त्या यादीत सांगली जिल्ह्यातील शिराळा होता आणि जत नव्हता. आमचे मूळ गाव जत तालुक्यातले. शिराळ्याचे एक स्नेही त्या दिवशी हजर होते, ते संकोचाने हसले आणि म्हणाले, "तुमचा मान आम्हांला मिळाला!"

ज्यांनी हे दोन्ही तालुके पाहिले आहेत त्यांस यातील विपरीतता सांगावयास नको. शिराळा सह्याद्रीच्या पायथ्याशी, वारणेच्या खोऱ्यात, भाताच्या खाचरांत वसलेला. जत पर्जन्यछायेच्या ऐन गाभ्यात, विजापूरच्या माळाला लागून. तथापि यात कोणी लबाडी केली असे समजण्याचे कारण नाही. २०१६ साली केंद्र सरकारने दुष्काळाची जी नियमावली सिद्ध केली, तिच्यात पहिली कसोटी पावसाच्या तुटीची आहे. पिके, जमिनीतील ओल, उपग्रहातून दिसणारी हिरवळ यांचा विचार त्यानंतर. आणि तूट मोजावयाची ती त्या त्या ठिकाणच्या सरासरीशी. ज्याला दोन भाकऱ्यांची सवय त्याची एक गेली, तर तूट निम्मी ठरते. ज्याच्या ताटात पिढ्यान्पिढ्या अर्धीच पडली, त्याला आजही जवळजवळ अर्धीच मिळाली, तर तूट नाममात्र! पुढे राज्यातील हजाराच्या आसपास महसूल मंडळे दुष्काळसदृश म्हणून निराळी जाहीर झाली, ही गोष्ट वेगळी.

यंदाचा दुष्काळ आणि दुष्काळाची कायमची भीती या दोन भिन्न वस्तू आहेत. पहिलीची यादी होते, दुसरीचा नकाशा काढावा लागतो. हा नकाशा काढण्याची विद्या आपल्या देशात कशी वाढली हे पाहू गेल्यास, ज्या तलावाच्या काठी आम्ही बसतो तेथपर्यंत येऊन पोहोचावे लागते.

हा तलाव १८८२ चा. तो ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते कर्नल सँकी म्हैसूर संस्थानचे मुख्य अभियंते होते. १८३१ पासून संस्थानचा कारभार इंग्रज कमिशनरांच्या हाती होता. १८६६ च्या सुमारास सँकी यांनी संस्थानातील तलावांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांस असे आढळले, की संस्थानच्या साठ टक्क्यांच्या आसपास भूभागाचे पाणी येथील रयतेने तलावांच्या साखळीत गुंफून टाकले आहे. वरचा तलाव भरून सांडला, की खालचा भरावयाचा. या रचनेचे कौतुक करावे तेवढे थोडे. पण साखळीचा गुण तोच तिचा दोष. वरचा तलाव भरलाच नाही, तर खालच्याने कोणाकडे पाहावे?

१८७५ साली पाऊस कमी झाला. १८७६ साली नैर्ऋत्येचा गेला आणि मागाहून ईशान्येचाही गेला. त्यानंतर जे घडले ते खानेसुमारीच्या दोन आकड्यांत वाचावे. १८७१ साली म्हैसूर संस्थानची लोकसंख्या सुमारे ५० लाख ५५ हजार होती. १८८१ साली ती ४१ लाख ८६ हजार भरली. मधल्या वर्षांत जी वाढ व्हावयास हवी होती ती या वजाबाकीत धरलेलीच नाही. कारकुनी पेशामुळे आम्हांस आकड्यांची भीती वाटत नाही, पण या दोन ओळी एकाखाली एक मांडताना हात थबकला हे खरे.

या काळात धान्य नव्हते काय? मद्रासकडून बंगळूर छावणीपर्यंत आगगाडी १८६४ सालीच आली होती आणि दुष्काळात तिच्यातून धान्य येत होते. परंतु स्थानकापासून पुढे ते न्यावयाचे कशातून? वैरणीवाचून बैल मेलेले, गाड्या पडून राहिलेल्या. आणि लोहमार्ग ज्या पूर्वेकडील जिल्ह्यांतून जात होता तेच जिल्हे सर्वांत अधिक होरपळले, ही त्याहून विचार करण्याजोगी गोष्ट. धान्य समोर होते. ते घेण्यास गाठीला पैसा नव्हता. खेड्यांतून लोक चालत बंगळुराकडे निघाले. जे पोहोचले त्यांच्यासाठी अन्नछत्रे होती. संस्थानच्या पश्चिमेस, मलनाडात, याची झळ फारशी लागली नाही.

त्याच वेळी मुंबई इलाख्यात काय चालले होते हे मराठी वाचकांस ठाऊक आहे. सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील मजुराचे वेतन दिवसास एक पौंड धान्य व वर एखादा आणा एवढ्यावर आणून ठेवले. मजुरांनी काम सोडले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेतली. गणेश वासुदेव जोशी व त्यांचे सहकारी यांनी गावोगावची माहिती मिळवून ती सरकारपुढे मांडली. कोणत्या भागात पीक किती आणे, गुरे किती उरली, लोक कोठे निघून गेले, हे सारे त्यांत असे. आमच्या मते आपल्याकडील दुष्काळाचा पहिला खरा नकाशा तो हाच, जरी तो रेघांनी काढलेला नसला तरी. आश्चर्य असे, की सभेच्या त्या कार्याची आठवण आपण राजकारणाच्या इतिहासात काढतो, दुष्काळाच्या इतिहासात क्वचितच.

म्हैसूरच्या दुष्काळी कारभारावर १८७७ साली चार्ल्स एलियट यांची नेमणूक झाली. त्यांनी अन्नछत्रांवरील गर्दी कामांकडे वळविली. बंगळूर ते म्हैसूर लोहमार्गाचे कामही याच दुष्काळातले. सुट्टीत चामुंडीच्या दर्शनास त्या गाडीने जाताना रुळांखालची माती कोणी वाहिली याचा विचार सहसा कोणाच्या मनात येत नाही. हेच एलियट पुढे स्ट्रॅची यांच्या दुष्काळ आयोगाचे चिटणीस झाले. १८८० च्या आपल्या अहवालात आयोगाने मोठी मार्मिक गोष्ट नमूद केली: दुष्काळात प्रथम मरतो तो भूमिहीन मजूर आणि विणकर, कारण त्याचे काम थांबते. या निदानावरून १८८३ पासून दुष्काळसंहिता तयार झाल्या. मात्र पुढे नकाशे निघाले ते पावसाचे, कालव्यांचे आणि लोहमार्गांचे. विणकराचा माग कोणत्या रंगात दाखवावा हे कोणास सुचले नाही.

स्वातंत्र्योत्तर काळातील मोठा टप्पा म्हणजे १९७२ चा सिंचन आयोग. सरासरीच्या पाऊणपटीहून कमी पाऊस शंभरांतील वीस वर्षी जेथे होतो तो प्रदेश अवर्षणप्रवण, अशी व्याख्या त्याने ठरविली. त्याच वर्षी आमची आजी जतच्या माळावर खडी फोडीत होती आणि सुकडी पदरात बांधून घरी आणीत होती. तिला व्याख्येची गरज नव्हती. परंतु तिच्या तालुक्यास होती, कारण पुढच्या योजनांचा पैसा त्या व्याख्येच्या वाटेने आला.

कर्नाटकाचे संकट असे, की अवर्षणप्रवण भूमीच्या बाबतीत राजस्थानच्या खालोखाल त्याचाच क्रमांक लागतो. आणि त्याच राज्यात आगुंबे येथे सात हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तर चळ्ळकेरे येथे पाचशेही पुरा होत नाही. अशा राज्याची सरासरी काढून कोणाचे कल्याण होणार? १९८८ साली बंगळुरात दुष्काळावर नजर ठेवणारा स्वतंत्र कक्ष स्थापन झाला. देशातील असा हा पहिलाच. पुढे ग्रामपंचायतीगणिक आपोआप नोंद करणारी पर्जन्यमापके बसली, ती आज सहा हजारांहून अधिक आहेत. तालुक्याच्या कचेरीत पाऊस पडला म्हणजे तो साऱ्या तालुक्यात पडला, हा जुना समज त्यामुळे बराचसा मोडला. २०१७ साली या केंद्राने जो अहवाल प्रसिद्ध केला त्यात पावसाबरोबर माती, पिकांचे आच्छादन आणि लोकांची उपजीविका हीही मोजली. १८८० च्या आयोगाने ज्या माणसाकडे बोट दाखविले होते, तो नकाशावर येण्यास एवढा काळ लागला.

या नकाशात सारे सामावते असे नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात खुद्द बंगळुरातील सरकारी कूपनलिकांपैकी जवळजवळ निम्म्या कोरड्या पडल्या, आणि पाण्याच्या टाकीवाल्याची मनधरणी करताना आमच्या बैठकीतील भल्याभल्यांचा अधिकार गळून पडला.

परवा एका स्नेह्याने तो अहवाल बैठकीत आणला. मलनाड आणि किनारा सौम्य रंगात, उत्तरेकडचे व मध्यातले तालुके गडद. शिराळ्याच्या गृहस्थांनी आस्थेने विचारले, "यात तुमचे जत कोठे येईल?" आम्ही विजापुरावरून बोट पश्चिमेकडे सरकवीत नेले. गडद रंग राज्याच्या सीमेपर्यंत होता आणि तेथे तो एका रेषेवर थांबला होता. पलीकडे जतच्या जागी कोरा कागद होता.