वाडगा आणि त्याचा घडविणारा

हातघडणीच्या व जुन्या भांड्यांचा संग्रह करण्याची आवड पुष्कळ सुशिक्षित घरांतून आढळते. कुंभाराच्या चाकावरून उतरलेला एखादा वाडगा, आजीच्या वेळची चिनी मातीची बरणी, टवका उडालेली परंतु सुरेख घाटाची बशी, अशा वस्तु दिवाणखान्यांतील कपाटांत मानाचें स्थान मिळवितात. या आवडीला नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. परंतु भांड्यावर प्रेम करणाऱ्याचें तें भांडें घडविणाऱ्या माणसाशीं कांहीं नातें असावें कीं नाहीं, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. जपान व कोरिया या शेजारी देशांच्या इतिहासांत या प्रश्नाचीं दोन अगदीं भिन्न उत्तरें सांपडतात. आज तींच श्रोत्यांपुढें ठेवावयाचीं आहेत.

क्योतो शहरांतील दाइतोकुजी मठाच्या आवारांत कोहोआन नांवाचें एक लहान मंदिर आहे. तेथें मातीचा एक वाडगा पेटींत पेटी ठेवून जपलेला आहे. एका जुन्या मालकाच्या नांवावरून त्याला ‘किझाएमोन’ म्हणतात. सुमारें सहा इंच रुंदीचा, फिक्या तपकिरी रंगाचा, किंचित् वांकडा असा हा वाडगा सोळाव्या शतकांत कोरियांत तयार झाला. १७७५ सालीं मात्सुदाइरा फुमाइ या सरदारानें तो ५५० सुवर्णमुद्रा मोजून घेतला, आणि आज तो जपानचा राष्ट्रीय ठेवा मानला जातो. त्याला विकत घेणाऱ्यांचीं नांवें इतिहासानें जपलीं. ज्यानें तो घडविला त्याचें नांव मात्र कोणालाच ठाऊक नाहीं.

अशा साध्या कोरियन भांड्यांची गोडी जपानला चहापानाच्या विधीनें लावली. १५९१ सालीं निवर्तलेले सेन नो रिक्यू यांच्यासारख्या आचार्यांनीं झगमगाटापेक्षां साधेपणा श्रेष्ठ मानला, आणि थोरामोठ्यांच्या घरीं या वाडग्यांना सोन्याचें मोल आलें. पुढच्याच वर्षीं हिदेयोशीच्या सैन्यानें कोरियावर स्वारी केली. १५९२ पासून १५९८ पर्यंत चाललेल्या या युद्धांत कोरियाचीं गांवेंच्या गांवें उद्ध्वस्त झालीं. परततांना जपानी सरदारांनीं पुष्कळ कुंभारांना सहकुटुंब उचलून आपल्या मुलखांत नेलें. भांडीं आवडलीं, म्हणून भांडीं करणारे हातच लुटून नेले! या युद्धाला ‘कुंभारांचें युद्ध’ असें नांव पडलें आहे, तें यामुळेंच.

अशा आणलेल्यांपैकीं यि साम-प्योङ याला १६१६ च्या सुमारास आरिता येथें पांढऱ्या चिनी मातीला लागणारा दगड सांपडला, अशी परंपरा आहे. त्या दगडांतून जपानचा एक मोठा उद्योग उभा राहिला. इमारी बंदराच्या नांवानें ओळखलीं जाणारीं हीं भांडीं सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत डच गलबतांतून यूरोपच्या राजवाड्यांत पोंचलीं. तेथील कौतुक करणाऱ्यांपैकीं कितीजणांनीं त्यांच्यामागच्या ताटातुटीचा विचार केला असेल?

हें झालें पहिलें उत्तर. दुसरें उत्तर तीन शतकांनंतरचें आहे.

१९१० सालीं जपाननें कोरिया आपल्या राज्याला जोडला. १९१४ मध्यें सोल येथील एका शाळेंत शिक्षक असलेले आसाकावा नोरिताका हे यानागी सोएत्सु या तरुण जपानी लेखकाच्या घरीं गेले. यानागींजवळ रोदाँ या फ्रेंच शिल्पकाराच्या कृति होत्या. त्या पाहण्याची पाहुण्यांना इच्छा होती. रिकाम्या हातीं जाऊं नये, म्हणून त्यांनीं एक लहानशी कोरियन बरणी भेट नेली. पांढऱ्या अंगावर निळ्या रंगानें रेखलेलें शरद्ऋतूंतील गवत, एवढीच तिची सजावट. परंतु त्या बरणीनें यानागींच्या आयुष्याला वळण दिलें. १९१६ मध्यें ते कोरियाला गेले, आणि पुढें वारंवार जात राहिले.

१९१९ च्या मार्च महिन्यांत कोरियन जनतेनें स्वातंत्र्याची घोषणा केली व सरकारनें ती चळवळ कठोरपणें दडपली. त्या वेळीं यानागींनीं जपानी वृत्तपत्रांत कोरियन लोकांविषयीं सहानुभूतीची लेखमाला लिहिली. ज्यांच्या कलेवर आपण लुब्ध होतों त्यांनाच आपण पायदळीं तुडवितों, ही विसंगति त्यांना सहन होईना. १९२२ मध्यें सोलच्या राजवाड्याचा ग्वाङह्वामुन दरवाजा पाडण्याचा बेत झाला, तेव्हांहि त्यांनीं लेखणी उचलली. अखेर दरवाजा पाडला गेला नाहीं. तो दुसऱ्या जागीं हलविण्यांत आला.

संग्राहक या नात्यानें त्यांनीं केलेली गोष्ट तर विशेष मननीय आहे. जमविलेलीं भांडीं तोकियोला न नेतां १९२४ मध्यें त्यांनीं सोलच्या राजवाड्यांतील एका इमारतींत कोरियन लोककलेचें संग्रहालय उघडलें. त्यासाठीं त्यांच्या गायिका पत्नी कानेको यांनीं गायनाचे जलसे करून पैसा मिळविला. वस्तु जेथें जन्मली, तेथेंच ती राहावी, ही त्यामागची दृष्टि होती.

या कामांत त्यांचा उजवा हात होते नोरिताकांचे धाकटे बंधु ताकुमी. ते सोलच्या वनसंशोधन खात्यांत नोकरीस होते. ते कोरियन भाषा बोलत, कोरियन पोशाख वापरीत, आणि बाजारांत हिंडून प्रत्येक भांड्याला घरोघर काय म्हणतात तें टिपून ठेवीत. १९३१ मध्यें, वयाच्या चाळिसाव्या वर्षीं त्यांचें निधन झालें, तेव्हां त्यांच्या शवपेटीला कोरियन शेजाऱ्यांनीं खांदा दिला. भांड्यांच्या नांवांचें त्यांचें पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालें.

यानागींची दृष्टि निर्दोष होती, असें नव्हे. कोरियन कला म्हणजे दुःखाचें सौंदर्य, हें त्यांचें मत पुष्कळ कोरियन विद्वानांना पटलें नाहीं. आमच्या कलेंतील हास्य व जोम तुम्हांस दिसला नाहीं, असा त्यांचा आक्षेप आहे, आणि तो रास्त आहे. तरीहि यानागींनीं भांड्यामागचा माणूस पाहण्याचा प्रयत्न केला. नित्याच्या वापरांतील निनांवी कारागिरीला त्यांनीं व त्यांच्या मित्रांनीं १९२५ मध्यें ‘मिंगेई’ म्हणजे जनकला हें नांव दिलें, व १९३६ मध्यें तोकियोंत तिचें संग्रहालय उघडलें. आपल्याकडील सरदार गुरुचरण सिंग हे कुंभकला शिकण्यासाठीं जपानला गेले असतां त्यांचाहि या मंडळाशीं परिचय झाला. पुढें दिल्लीस त्यांनीं या कलेचें मोठें कार्य केलें.

आपल्या संग्राहकांनीं ताकुमींचा एक धडा तरी घ्यावा. रांजण, डेरा, गाडगें, बोळकें, परळ, सुगड हे शब्द आपल्या आज्यांना पाठ होते. प्रत्येक शब्दामागें एक वेगळा घाट व एक वेगळें काम होतें. यापुढें कुंभाराकडून एखादें भांडें आणाल, तेव्हां किंमतीबरोबर त्या भांड्याचें नांव विचारा, आणि घडविणाऱ्याचेंहि विचारा. दोन्ही नांवें कागदावर लिहून तो कागद भांड्यांत ठेवा. किझाएमोनच्या साऱ्या पेट्यांतून एवढा एकच कागद हरवलेला आहे.