इनामगावचे बालकुंभ आणि नवजातांचा धनुर्वात

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी असलेल्या इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. त्यात इ. स. पू. सुमारे १६०० ते ७०० या कालखंडातील ताम्रपाषाणयुगीन वसाहत उजेडात आली. तेथील दफनांत बालकांची दफने बहुसंख्य आहेत. दोन कुंभांची तोंडे एकमेकांस भिडवून त्यांत मूल ठेवावयाचे आणि ते कुंभ घराच्या जमिनीखाली वा अंगणात आडवे पुरावयाचे, अशी रीत होती. मेलेले मूलही घरापासून दूर जाऊ दिले नाही, ही गोष्ट मनातून लवकर जात नाही.

ही बालके कशाने दगावली? लुकाक्स व वाळिंबे यांच्या १९८६ च्या ग्रंथात या सांगाड्यांचा सविस्तर अभ्यास आहे. दातांवरून वय ठरविता येते, काही रोगांच्या खुणाही हाडांवर उमटतात. परंतु नवजात अर्भकाचा काही दिवसांत घास घेणारा धनुर्वात हाडावर कसलाही ठसा ठेवीत नाही. या रोगाचे जंतू मातीत व गुरांच्या शेणात असतात, आणि इनामगावकर गुरे बाळगीत होते. तेवढ्यावरून तेथे धनुर्वात होता असे म्हणणे म्हणजे पुराव्यापुढे धावणे होय. अस्वच्छ हत्याराने कापलेल्या नाळेतून शिरलेला हा रोग बहुधा पहिल्या आठवड्याच्या सुमारास प्रकट होतो. त्यामुळे आपल्याकडील पाचवीच्या पूजेशी व सटवीच्या जागरणाशी त्याचा संबंध जोडण्याचा मोह होतो. तोही आवरलेला बरा.

यावरील उपाय मात्र इतिहासाच्या प्रकाशात आहे. १८९० मध्ये बेहरिंग व कितासातो यांनी धनुर्वाताच्या प्रतिविषाचा शोध प्रसिद्ध केला. गर्भवतीस लस टोचल्यास अर्भकाचे रक्षण होते, हे न्यू गिनीतील १९६१ च्या अभ्यासाने दाखविले. मातेच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडे वारेतून गर्भात उतरतात. प्रसूतीच्या वेळी होऊ शकणाऱ्या धनुर्वातापासून तिलाही संरक्षण मिळते. भारतात १९८५ मध्ये सुरू झालेल्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात गर्भवतींच्या या लसीचा समावेश होता. २०१५ मध्ये माता व नवजात यांच्या धनुर्वाताचे देशातून निर्मूलन झाल्याचे प्रमाणित झाले. निर्मूलन याचा अर्थ प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे एकाहून कमी रुग्ण. रोग समूळ नाहीसा झाला असा नव्हे, कारण मातीतील जंतू मातीतच आहेत.

या यशात लसीचा वाटा किती आणि स्वच्छ पात्याने नाळ कापण्याचा व दवाखान्यातील प्रसूतीचा किती? हा प्रश्न शिरूर-दौंडपुरता तपासावयाचा तर साधन एकच: आरोग्य केंद्रांतील गर्भवतींच्या जुन्या नोंदवह्या. त्यांत लसीची तारीख, प्रसूतीचे स्थळ व अर्भकाचे पुढे काय झाले हे एकत्र जुळविता येईल. कुंभांतील हाडांनी जे सांगितले नाही ते सांगण्याची शक्यता या वह्यांत आहे. त्या रद्दीत जाण्यापूर्वी आपल्या विद्यार्थ्यांपैकी कोणी तरी हे काम हाती घ्यावे.